पाटकऱ्याचा पाय

सकाळी मी भांडी घासत होते, तेव्हा मळेवाला दारात येऊन उभा राहिला. हातात पिशवी आणि पिशवीत दोन कोबी. पाटाच्या तोंडाशी जमीन असलेला हा माणूस, ह्याच्या मळ्यातला पालासुद्धा कधी कुणाच्या उंबऱ्याला लागला नव्हता. मी साबणाचे हात तसेच ठेवून बघत राहिले.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमच्या मालकांना काय हवंय ते एकदा सांगून टाका. रोज माझ्या बांधाशी उभे राहतात आणि पाटाकडं बघत बसतात. बोलत नाहीत, हलत नाहीत. माणसानं समजायचं काय?"

मी म्हटलं, पाटकरी पाटाकडं नाही बघणार तर काय तुमच्या तोंडाकडं बघणार? त्यात बघण्यासारखं आहे तरी काय? तो कोबी उंबऱ्यावर ठेवून वळला. मी पिशवी उचलली, त्याच्या मागोमाग गेले आणि त्याच्या गाडीच्या टपावर ठेवून आले. तावातावानं आले खरी, पण भांडी घासताना माझ्याही डोक्यात तेच घोळत होतं. हे उभे का राहतात?

आमचे हे पाटकरी. धरणाचं पाणी सुटलं की ते पाटानं येतं. तोंडापासून शेपटापर्यंत ज्याची पाळी असेल त्याच्या रानाचं दार उघडायचं, पाळी संपली की बंद करायचं, आणि मधे कुणी चोरून पाइप टाकत नाही ना ते बघायचं, हे ह्यांचं काम. लग्न झाल्यापासून मी ह्यांना चालताना बघते. दावं तोडलेल्या बैलासारखे चालायचे. डावीकडं बघणं नाही, उजवीकडं बघणं नाही. त्यामुळं व्हायचं काय, ह्यांची पाठ वळली की मागं पाटात पाइप पडायचे. तोंडाकडचे मळे हिरवेगार आणि शेपटाकडच्यांच्या वाट्याला नुसता ओल्या मातीचा वास. हे म्हणायचे, माझ्या समोर कुणी चोरत नाही. मी म्हणायचे, समोर कोण चोरेल, चोर काय तुमच्यासारखे भोळे असतात?

आणि ह्या थंडीपासून एकाएकी हे थांबायला लागले. मळेवाल्याच्या बांधाशी पहिलं थांबणं, तिथं करंजाच्या झुडपाखाली त्याचा जाडजूड पाइप लपवलेला. मग पुलाशी, तिथं दुसऱ्या कुणाची मोटर. मग वीटभट्टीच्या मागं, तिथं तर भट्टीवाल्यानं चक्क पाटाला भोक पाडलेलं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, दुसरं काही नाही. पण चोराच्या मनात चांदणं. प्रत्येकाला वाटलं, ह्या माणसाला सगळं कळलंय, आता नाव वर जाणार. एकेक पाइप मुकाट्यानं निघाला. भोक बुजलं. आणि बघता बघता पाणी शेपटाला पोचलं.

मग काय विचारता. शेपटाकडचे कांदेवाले मामा आमच्या घरी येऊन रडले. म्हणाले, "पाटाला पाणी आलं नाही, पाटाला डोळे आले." बोलता बोलता ह्यांच्या पाया पडायला वाकले, तर ह्यांनी डावा पाय झटकन मागं घेतला. मला वाटलं, विनय. विनय कसला, पायाला हात लागला तर दुखेल म्हणून घेतला होता.

ते मला कळलं ते ह्यांच्या झोपण्यावरून. हे झोपताना डावा पाय खाटेखाली लोंबता ठेवायला लागले. विचारलं तर म्हणाले, उकडतं. थंडीच्या दिवसांत एकाच पायाला उकडतं, असा माणूस मी तरी पाहिला नव्हता. एक दिवस गमबूट काढताना मी पाय धरला. उजवा पाय माणसाचा होता. डावा पाटातल्या दगडासारखा गार. नडगीवरचे केस गेलेले, कातडी चकचकीत, आणि अंगठ्याच्या शेजारच्या बोटावर एक जखम. एवढीशी होती, पण कडेनं काळी. बूट लागला, म्हणाले. कधी लागला, तर ते सांगेनात. मी मलम लावलं. दुसऱ्या आठवड्यात बघितलं तर जखम तशीच, उलट जरा ऐसपैस बसलेली.

तेव्हा मी ह्यांना समोर बसवून विचारलं. खरं काय ते सांगा, नाहीतर कांदेवाल्या मामांना बोलावते. तेव्हा कुठं तोंड उघडलं. चालायला लागलं की थोड्या वेळानं पोटरी आवळून येते, कुणी पिळा घातल्यासारखी. थांबलं की सुटते. परत चाललं की परत. म्हणून थांबतात. उगाच थांबलं तर लोक लंगडा म्हणतील, म्हणून पाटाकडं बघत थांबतात.

"आणि मग सगळे म्हणायला लागले, केवढी नजर आहे," हे म्हणाले. "मी काय सांगू? पाय दुखतो म्हटलं तर पाटकऱ्याचं काम गेलं. गप्प बसलो तर मान मिळतोय."

मला हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर नीट चाललेल्या माणसाला कुणी विचारलं नाही, आणि पाय अडला तर हे देवमाणूस झाले. आणि गड्याला ते आवडत होतं, हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. सिगारेट ओढत पुलावर उभे राहायचे आणि येणारेजाणारे वाकून नमस्कार करायचे. कुणाला नाही आवडणार?

त्याच सुमारास गावच्या आरोग्य केंद्रात नवी डॉक्टरीणबाई आली. जो तो पाय दुखतो म्हणून गोळी मागायला येतो हे पाहून तिनं ठरवलं, एकदा सगळ्या गावाचे पाय बघून टाकू. कुठला पाय कामानं दुखतोय आणि कुठल्याच्या मागं मोठं दुखणं लपलंय, ते निवडायचं. दवंडी फिरली आणि सगळं गाव लंगडत आलं. काल तालमीत घुमणारी पोरंसुद्धा आज भिंत धरून चालत होती.

बाई एकेकाला आत घेऊन तेच प्रश्न विचारायच्या. एक पाय का दोन्ही? सूज एकाच पोटरीला आहे का, गरम लागते का, दम लागतो का? पायाला मुंग्या, बधिरपणा? लघवीला त्रास? ताप, वजन उतरणं? खिडकीला कान लावून बाहेरच्यांनी प्रश्न पाठ केले आणि रांगेतच उत्तरं वाटून घेतली. ज्याला त्याला आपलं दुखणं मोठं निघायला हवं होतं. फक्त लघवीच्या प्रश्नाला सगळे पुरुष एका सुरात नाही म्हणायचे. मरू, पण त्याला हो म्हणणार नाही.

बाईंनी बहुतेकांना परत पाठवलं. बूट बदला, ओझं कमी उचला, गुडघ्याला हा व्यायाम करा. मळेवाल्याला सांगितलं, काही गंभीर नाही, वजन उतरवा. तो बाहेर आला तो अपमान झाल्यासारखा. एवढा मोठा मळा आणि दुखणं एवढंसं? म्हणाला, ह्या बाईला काही कळत नाही. शिंपिणीची मात्र एकच पोटरी सुजून गरम झाली होती, ती दोन दिवस कुणाकडून तरी रगडून घेत होती. बाईंनी ते ऐकून आधी तिचं रगडणं बंद केलं आणि रुग्णवाहिका बोलावून तिला तिथूनच शहरात पाठवली, रक्ताची गाठ असेल म्हणाल्या. गाडी गेली त्या दिशेनं सगळी रांग हेव्यानं बघत होती. अशी आमची तऱ्हा.

हे काही आले नव्हते. मीच आत गेले. म्हटलं, बाई, माझे पाय ठणठणीत आहेत, पण घरात एक पाय आहे, तो चाललं की दुखतो आणि उभं राहिलं की थांबतो. बाईंनी पेन खाली ठेवला. झोपताना पाय लोंबता ठेवतात का, विचारलं. मी हो म्हटलं. गार लागतो का? हो. जखम आहे का, सिगारेट ओढतात का? हो आणि हो. माझं एकेक हो ऐकून त्यांचा चेहरा उतरत गेला आणि तेव्हा मी घाबरले. तोवर मी चिडलेली होते, घाबरलेली नव्हते.

त्या म्हणाल्या, "त्यांना आत्ता घेऊन या. उद्या नको."

हे पाटावर होते. मी सांगितलं तर म्हणाले, पाणी चालू आहे, पुढच्या आठवड्यात बघू. ह्यांना पाटाचं जे दार उघडायचं होतं, त्याच्या चाकावर मी जाऊन बसले. म्हटलं, आता फिरवा चाक. हे म्हणाले, लोक बघतायत. मी म्हटलं, बघू देत, तुम्हाला बघून त्यांना सवय झालीच आहे. शेवटी आले.

बाईंनी ह्यांना झोपवून पायाच्या पाठीवर बोटं ठेवली. मग घोट्यामागं, मग गुडघ्यामागं. खिडकीत खसखस पिकली, ही बाई नाडी पायात शोधते म्हणून. बाई बराच वेळ तशाच बसल्या होत्या. उजव्या पायात सापडली. डाव्यात सापडेना. मग त्या ह्यांना घेऊन बाहेर आल्या आणि गल्लीतून चालायला सांगितलं. हे ताठ चालत गेले, शिंप्याच्या दुकानाशी थांबले आणि भिंतीकडं बघायला लागले.

"काका, काय बघताय?" बाईंनी विचारलं.

"भिंत."

"भिंतीत काय आहे?"

सगळं गाव उभं होतं. शेपटाकडचे होते, तोंडाकडचे होते. ह्यांनी एकदा सगळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाले, "काही नाही. पाय चालू देत नाही."

खसखस थांबली. बाईंनी तिथंच समजावलं. पायाकडं रक्त नेणारी नळी वरच्या अंगाला बुजत आलीय. चालताना पायाला जास्त रक्त लागतं, ते पोचत नाही म्हणून कळ येते. आता तर झोपल्यावरही पोचत नाही, जखम म्हणून भरत नाही.

"म्हणजे शेपटाला पाणी नाही," हे म्हणाले. दुसऱ्या कुणाला समजायला वेळ लागला असता, ह्यांना एका झटक्यात समजलं.

"हो. आणि शेपटाचं रान वाळायला लागलंय. थांबलात तर बोट जाईल, मग पाऊल, मग पाय. अशी नळी एके ठिकाणी बुजते तेव्हा काळजाकडचीही बघावी लागते. शहरात जा, दोन दिवसांच्या आत."

गाव पांगलं. रुग्णवाहिका शिंपिणीला घेऊन गेली होती ती शहरातच बंद पडली होती, म्हणून गाडीचं काय करायचं ह्या विचारात मी घरी आले. तर अंगणात कांदेवाले मामा आणि शेपटाकडचे सगळे बसलेले. मला वाटलं, गाडी घेऊन आलेत. किती बरं वाटलं मला.

मामांनी ह्यांचा हात हातात घेतला. डोळ्यांत खरंच पाणी होतं. म्हणाले, आमच्यासाठी तुम्ही पाय झिजवलात. असल्या पायावर उभे राहिलात. आता एकच करा, एवढी पाळी काढा. कांद्याला शेवटचं पाणी आठवड्यावर आलंय. तुम्ही गेलात की तोंडाकडचे पाइप टाकतील आणि आम्ही मेलो. तुम्हाला चालायचीसुद्धा गरज नाही, आम्ही खुर्ची करू. चौघं उचलू, मळेवाल्याच्या बांधाशी ठेवू, मग पुलाशी ठेवू, मग भट्टीशी. तुम्ही नुसतं बसून बघायचं.

आणि आमचे हे विचार करायला लागले. खरंच विचार करायला लागले. खुर्चीवर बसून पाटावरून मिरवायचं त्यांच्या डोळ्यांपुढं आलं असणार. म्हणाले, आठवड्याचाच प्रश्न आहे.

माझं डोकं फिरलं. मी मामांना म्हटलं, कांद्याला पाणी नाही मिळालं तर पुढच्या वर्षी परत कांदा लावता येतो. हे बोट लावलं तर उगवतं का? मामा म्हणाले, वहिनी, तुम्ही रागावू नका, आम्हाला काय यांची माया नाही? मी म्हटलं, माया आहे, ती बघतेच आहे, चौघं मिळून उचलायला निघालात. तिरडीलाही चारच लागतात.

तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला. मळेवाला. गाडी धुतलेली, मागच्या सीटवर गादी घातलेली, गादीवर उशी. आत आला तो हात जोडून. म्हणाला, माणसाचा जीव आधी, पाणी मग. आत्ताच्या आत्ता निघू, माझा माणूस गाडी चालवेल, शहरात माझी ओळख आहे, किती दिवस राहायचं तितके राहा, घाई करू नका. घाई करू नका हे त्यानं तीनदा सांगितलं. सुंठेवाचून खोकला चालला होता, त्याला काय, गादीवर अत्तर शिंपडायचं तेवढं राहिलं होतं.

हे ताडकन उभे राहिले आणि बोटाची जखम ठणकली तसे परत बसले. म्हणाले, "ह्याच्या गाडीत मी बसणार नाही."

"नका बसू," मी म्हटलं. "तुमचा पाय बसेल. तुम्ही मागून चालत या."

मी पिशवी भरली. मला मळेवाल्याचं मन दिसत होतं, अगदी तळापर्यंत. पण ज्यांना माझ्या माणसाची माया होती ते त्याला खुर्चीत बसवून मारणार होते, आणि ज्याला नव्हती त्याच्या गाडीला चाकं होती. मी चाकं घेतली. गाडी सुटली तेव्हा मागं वळून पाहिलं, मामा अंगणात तसेच उभे होते. वाईट वाटलं. पण थांबले नाही.

शहरातल्या डॉक्टरांनी मांडीतून तार घातली, नळी फुगवून मोकळी केली, आत जाळी बसवली. आणखी आठ दिवस काढले असते तर गुडघ्याखालून पाय काढावा लागला असता, म्हणाले. बोट मात्र गेलं. हृदय तपासलं, तिथली गोळी सुरू केली, सिगारेट बंद केली. परिचारिकेनं पाय पुसल्यावर मी त्याला हात लावून पाहिला. दोन्ही पाय सारखे गरम. मी तिथंच खाटेच्या कडेला बसून रडले, परिचारिकेला वाटलं, बोटासाठी रडते.

गावी आलो तोवर पाळी संपली होती. बदलीचा पाटकरी सावलीत झोपायचा. आम्ही शहराच्या वेशीला लागायच्या आतच पाइप पडले होते. शेपटाकडचा कांदा माना टाकून गेला. मामा वाटेत भेटले, ह्यांनी हाक मारली तर म्हणाले, "पाय वाचला, चांगलं झालं," आणि पुढं चालू लागले. ज्या माणसाच्या पाया पडायला वाकत होते, त्याच्याकडं वळून बघितलंसुद्धा नाही. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. हे दोन दिवस जेवले नाहीत.

मळेवाला मात्र रोज घरी यायचा. चार माणसांत ह्यांच्या पायाकडं बोट दाखवून सांगायचा, हा पाय माझा आहे. पुढची पाळी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, करंजाखाली माझा पाइप असतो, आता तुम्ही घरचेच झालात, तेवढं सांभाळून घ्या.

हे म्हणाले, "मालक, गाडी दिलीत, पाय वाचला. हे मी विसरणार नाही. तुमच्या घरी कुणी आजारी पडलं तर भर पावसात चालत जाऊन डॉक्टर आणीन. पण पाणी माझं नाही. जे माझं नाही, त्यातून तुमचे उपकार कसे फेडू?"

मळेवाला हसला. त्याला वाटलं, बोलण्यापुरतं आहे. शिवाय आता ह्यांचा पाय बरा, म्हणजे थांबायचं कारण उरलं नाही. पूर्वीसारखे नाकासमोर निघून जातील आणि मागं रान मोकळं.

पाणी सुटलं. सकाळी हे त्याच्या बांधावरून तरातरा गेले, त्यानं पाइप टाकला. तास झाला असेल नसेल, हे परत त्याच बांधावर हजर. त्यानं घाईनं पाइप ओढला. हे गेले, त्यानं परत टाकला. दुपारी परत हे. संध्याकाळी परत. हे आले की पाइप वर, हे गेले की पाइप खाली, असं करता करता मळेवाल्याची कंबर धरली आणि थेंबभर पाणी रानात गेलं नाही. मी ह्यांचा डबा घेऊन तिथंच आले होते.

शेवटी तो चिखलात उभा राहून ओरडला, "दिवसातून एकदा चालायचं काम तुमचं. दोनदा, चारदा यायला सांगितलंय कुणी?"

"शहरातल्या डॉक्टरांनी," हे म्हणाले. "नळी परत बुजू नये म्हणून रोज चालायचं. जितकं जास्त, तितकं चांगलं. जन्मभर."

ह्यांनी माझ्या हातातून डबा घेतला आणि अगदी मनापासून म्हणाले, "तुमच्याच गाडीनं जाऊन आणलेलं औषध आहे, मालक."

आणि पुलाकडं चालायला लागले.